रिकॉल जाहीर झाला, दुरुस्ती कधी?

विकून झालेल्या गाडीत कारखान्यातूनच राहून गेलेला दोष कंपनीने स्वखर्चाने काढून देणे म्हणजे रिकॉल. या कामाचे दोन भाग पडतात: दोष जाहीर करणे आणि तो दुरुस्त करणे. पहिला भाग एका दिवसात उरकतो, त्याची बातमी होते, कंपनीच्या पारदर्शकतेचे कौतुकही होते. दुसरा भाग महिनोन्महिने रेंगाळतो आणि त्याची बातमी होत नाही. या दिरंगाईवर बोट ठेवले की ठरलेली उत्तरे पुढे येतात. बिघाड बाहेरच्या फिटिंगमुळे झाला. मालकच गाडी आणत नाहीत. सुटे भाग यायला वेळ लागतो. अशा गाड्यांचे प्रमाण नगण्य आहे. कायदा आहे, ग्राहक न्यायालय आहे. ही उत्तरे एकेक करून तपासली तर प्रत्येकात थोडे तथ्य सापडते. दिरंगाईचे समर्थन मात्र एकाही उत्तरातून होत नाही.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतले, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतचे काशीगाव हे या प्रश्नाची कसोटी लावायला योग्य ठिकाण आहे. दक्षिणेला दहिसर, उत्तरेला फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून एक रस्ता घोडबंदरमार्गे ठाण्याला, दुसरा वर्सोवा पुलावरून वसई-विरारकडे. गुजरातकडे जाणारी अवजड वाहने याच रस्त्यांवरून धावतात. येथे गाडी बंद पडते ती ट्रेलर आणि टँकरच्या रांगेत. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते, आणि गाड्या इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, वर राहणाऱ्या कुटुंबांच्या पायाखाली उभ्या असतात. दोष माहीत असलेली, पण दुरुस्त न झालेली गाडी वापरणे म्हणजे काय, हे अशा वस्तीत नीट कळते.

आधी विजेच्या बिघाडाचे स्वरूप पाहिले पाहिजे. क्लचप्लेट झिजली किंवा ब्रेकपॅड संपले, की तो बिघाड गाडी गॅरेजमध्ये नेली तरी कायम असतो. मेकॅनिकला तो दिसतो, ऐकू येतो. वायरिंगचे तसे नसते. कपलरच्या पिनवर हिरवट गंज चढतो, संपर्क सैल होतो, खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर तुटतो आणि पुन्हा जुळतो. डॅशबोर्डवर लाइट पेटते, इंजिन झटका देते. दहा मिनिटांनी सारे पूर्ववत. वायरचा जुडगा एखाद्या धातूच्या कडेला घासत असेल, तर आवरण झिजून आतली तार उघडी पडेपर्यंत हजारो किलोमीटर काहीच जाणवत नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला पोहोचते तेव्हा ती तक्रार दाखवत नाही. स्कॅनर लावला जातो, जुना कोड असेल तर तो पुसला जातो, आणि जॉब कार्डवर ‘तपासले, ठीक’ एवढी नोंद होते. मालक पैसे भरून घरी येतो. कंपनीच्या कागदावर तक्रार निकालात निघालेली असते. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी कायदेशीर रचना तक्रारींच्या संख्येवर उभी आहे.

बिघाड मालकाने बाहेरून बसवलेल्या वस्तूंमुळे होतो, हा पहिला युक्तिवाद. यात तथ्य आहे. मूळ वायर सोलून तिच्यावर जादा वॅटचे दिवे, हॉर्न, ॲम्प्लिफायर जोडणे धोक्याचे असते, आणि रिले-फ्यूजविना केलेली अशी जोडणी पेट घेऊ शकते. उंदरांनी वायरी कुरतडण्याचे प्रकारही घडतात. पण रिकॉलचा संबंध या बिघाडांशी नाही. रिकॉलच्या घोषणेत उत्पादनाचा कालावधी दिलेला असतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या. उंदीर काही उत्पादनाची तारीख पाहून वायर कुरतडत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या १,०८,३०६ प्रती तपासणीसाठी परत बोलावल्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांत इंजिनच्या भागातील वायरचा जुडगा ज्या मार्गाने नेला होता, त्यामुळे तो घासला जाऊन कापला जाण्याची शक्यता होती. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या गाडीतला हा दोष दोन वर्षांच्या उत्पादनात होता. जानेवारी २०१० मध्ये होंडाने भारतात २००७ साली बनलेल्या ८,५३२ सिटी गाड्या परत बोलावल्या, त्या पॉवर विंडोच्या मुख्य स्विचसाठी. चालकाच्या खिडकीतून आत आलेले पाणी त्या स्विचपर्यंत पोहोचून तो तापण्याची, धूर येण्याची आणि क्वचित आग लागण्याची भीती होती. खिडकीतून पाणी आत येणे ही कोकणपट्टीत अपवादाची घटना नव्हे. खिडकीजवळच्या स्विचला ओल सोसता आली पाहिजे, हा आराखड्याचा भाग आहे. त्याचा ठपका पावसावर किंवा मालकावर ठेवता येत नाही.

दोष मान्य करतानाही ‘रिकॉल’ हे नाव टाळण्याची सवय जुनी आहे. टाटा नॅनो २००९ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी काही गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाला. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेली जात असलेली एक कोरी नॅनो पेटली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकलेल्या नॅनोंच्या विद्युत आणि एक्झॉस्ट यंत्रणेत जादा संरक्षण मोफत बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र हा रिकॉल नाही, असेही सांगितले. ज्या मालकाला ‘जादा संरक्षण’ देऊ केले जाते, तो ते सवडीने घेतो. ज्याला ‘दोष आहे’ असे सांगितले जाते, तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. मालक गाड्या आणत नाहीत, या पुढच्या तक्रारीचे मूळ काही प्रमाणात या सौम्य भाषेतच आहे.

तो दुसरा युक्तिवाद: कंपनीने कळवले, मालकानेच दुर्लक्ष केले. कळवले म्हणजे काय केले, हे पाहावे लागते. कंपनीच्या नोंदीत पहिल्या खरेदीदाराचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, मालकाने अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून महामार्गालगतच्या गॅरेजची वाट धरली, की कंपनीचा संदेश भलत्याच माणसाला जातो. सध्याचा मालक कोण, हे सरकारला मात्र नेमके ठाऊक असते. गाडी नावावर होताना त्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीत होते. सिग्नल तोडला तर ई-चलन त्याच नोंदीवरून मालकाच्या मोबाइलवर येते. दंड वसूल करण्यासाठी जो मालक सापडतो, तो गाडी पेटू शकते हे सांगण्यासाठी सापडत नाही, हे पटणारे नाही. चासी क्रमांक टाकून रिकॉल तपासण्याची सोय अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आहे. पण ज्याला रिकॉल झाल्याचेच माहीत नाही, तो तिथे जाणार कशाला?

शिवाय गाडी वर्षातून किमान एकदा पीयूसीसाठी उभी राहते आणि एकदा तिच्या विम्याचे नूतनीकरण होते. दोन्ही वेळी तिचा क्रमांक संगणकात टाकला जातो. त्या क्षणी ‘या गाडीचा रिकॉल बाकी आहे’ एवढी ओळ दिसली, तर जाहिरातींपेक्षा जास्त काम होईल. जर्मनीत गंभीर दोष दुरुस्त करून न घेतलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यास मनाई करता येते. अमेरिकेत २०१५ च्या कायद्यानुसार भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी ग्राहकाला देता येत नाही. मालकाच्या आळसावर असे उपाय आहेत. ते न करता आळसाचेच कारण देणे म्हणजे उलट्या बोंबा मारणे होय.

तिसरा युक्तिवाद सुट्या भागांचा. लाखो गाड्यांचा भाग एकदम कुठून आणणार, हा प्रश्न खरा आहे. पण वाट पाहण्याची किंमत कोणी मोजायची, हा त्याहून खरा प्रश्न आहे. ३ सप्टेंबर २०२१ रोजी मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या पेट्रोल गाड्यांच्या १,८१,७५४ प्रतींमधला मोटर जनरेटर युनिट तपासून देण्याचे जाहीर केले. भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होते. तोपर्यंत पाणी साचलेल्या भागातून गाडी नेऊ नका आणि विद्युत भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असे मालकांना सुचवण्यात आले.

ही सूचना काशीगावातून वाचून पाहावी. मुंबईच्या परिसरातून पाऊस परततो तो ऑक्टोबरमध्ये. म्हणजे दुरुस्तीची वाट पाहण्याचा निम्म्याहून अधिक काळ पावसाचाच होता. महामार्गावर उतरायचे तर पाणी साचलेला भाग टाळणे चालकाच्या हातात नसते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याचा फवारा तर कोणालाच चुकत नाही. सूचना तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. पण तिचा व्यवहारातला अर्थ एवढाच होता की दोन महिने गाडी घरी ठेवा, नाहीतर जोखीम तुमची. गाडीचा हप्ता त्या दोन महिन्यांतही भरावा लागतो, आणि रिक्षा-ओलाचे भाडे वर येते.

दोष अचानक समोर आला म्हणून भाग तयार नव्हते, असेही येथे म्हणता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच कंपनीने सियाझ, अर्टिगा आणि एक्सएल-६ या गाड्यांच्या ६३,४९३ प्रती याच मोटर जनरेटर युनिटसाठी परत बोलावल्या होत्या; तेव्हा १ जानेवारी ते २१ नोव्हेंबर २०१९ या काळातले उत्पादन संशयित होते. २०२१ मध्ये तो काळ ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० असा वाढला. ज्या भागाने आधीच एकदा गाड्या परत आणायला लावल्या होत्या, त्याचा साठा करून ठेवण्याची बुद्धी ग्राहकाने सुचवावी लागू नये. पर्यायही अज्ञात नाही. २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचचे भाग वेळेवर मिळेनात, तेव्हा मागणी करणाऱ्या अमेरिकी मालकांना दुरुस्ती होईपर्यंत वापरायला दुसरी गाडी मिळाली. भाग नसतील तर गाडी द्या, गाडी नसेल तर भाडे द्या. तेवढा खर्च कंपनीच्या माथी बसला की सुटे भाग लवकर येऊ लागतील.

दुरुस्ती झाली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नेहमी होत नाही. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक-५ च्या १,७४४ गाड्या चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या युनिटमधील दोषासाठी परत बोलावल्या. त्या दोषामुळे बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरून गाडी चालता चालता शक्ती गमावू शकत होती. पुढच्याच महिन्यात किआने ईव्ही-६ च्या १,१३८ गाड्यांना याच जातीच्या दोषासाठी सॉफ्टवेअर बदलून दिले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच युनिटसाठी १,३८० गाड्यांना पुन्हा बोलावणे धाडले. सॉफ्टवेअर बदलणे हा झटपट उपाय असतो, पण तो पुरला की नाही हे मालकाला दुसऱ्यांदा बोलावणे आल्यावर कळते.

चौथा युक्तिवाद प्रमाणाचा. २२ जून २०२२ रोजी वसई पश्चिमेला, म्हणजे काशीगावहून खाडी ओलांडली की लगेच, टाटाची एक नेक्सॉन ईव्ही पेटली. कंपनीने निवेदनात सांगितले की सुमारे चार वर्षांत ३० हजारांहून अधिक विद्युत गाड्या दहा कोटी किलोमीटरहून जास्त धावल्या आणि असा प्रसंग प्रथमच घडला. आकडा खोटा नाही, आणि पेट्रोलच्या गाड्याही पेटतातच. केंद्र सरकारने त्या घटनेची चौकशी सुरू केली, हे योग्यच झाले. पण सरासरीचा आकडा धोका किती गाड्यांत आहे ते सांगतो. धोका कोणाच्या जिन्याखाली उभा आहे ते सांगत नाही. रिकॉलच्या यादीत नाव आलेली गाडी आता सर्वसाधारण गाडी उरलेली नसते. तिच्यात दोष असू शकतो हे कंपनीनेच लेखी मान्य केलेले असते. अशा गाडीच्या मालकाला सरासरी सांगणे हे उत्तर नव्हे.

राहिला कायदा. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ ने कलम ११० अ आणले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा पोहोचवू शकणारा दोष आढळल्यास केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारच्या आदेशाने रिकॉल करावा लागला तर १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे सारे कागदावर भक्कम दिसते. पण यंत्रणा हलण्यासाठी तक्रारींची किमान संख्या ठरवली आहे. ज्या मॉडेलची वार्षिक विक्री ५०१ ते १० हजार आहे, त्यासाठी १,०५०. त्याहून अधिक विक्रीसाठी १,२५०. विजेचा बिघाड जॉब कार्डवर ‘तपासले, ठीक’ होऊन बंद होतो, हे येथे आठवावे. ज्या दोषाची नोंदच होत नाही, त्याच्या साडेबाराशे तक्रारी जमणार कशा? आणि एकमेकांना न ओळखणारे साडेबाराशे मालक ‘वाहन’ प्रणालीवर तक्रार नोंदवीपर्यंत गाड्या रस्त्यावरच असतात. नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहेत. वायरिंगचे आवरण कडक होऊन तडकू लागते ते पुष्कळदा त्यानंतर, गाडी दुसऱ्या हातात गेल्यावर.

तक्रारींखेरीज चाचणी संस्था किंवा अन्य स्रोतांकडून माहिती मिळाल्यावरही सरकारला पाऊल उचलता येते. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या देशातल्या प्रमुख चाचणी संस्था महाराष्ट्रातच आहेत. तज्ज्ञ हाताशी आहेत. साडेबाराशेची वाट न पाहता त्यांच्याकडे संशयित गाड्या सोपवण्याचा प्रघात तेवढा पाडायचा आहे.

कंपनीने आपणहून केलेल्या रिकॉलला दंड नाही, आणि तो नसावा हेही समजण्यासारखे आहे. प्रामाणिकपणाला शिक्षा झाली तर दोष लपवले जातील. उद्योगांचा हा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून भलताच निष्कर्ष काढला जातो. दंड दोषासाठी नको, दिरंगाईसाठी हवा. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना इग्निशन स्विच चालू गाडीत सरकून इंजिन आणि एअरबॅग बंद पाडतो, याची कुणकुण २०१४ च्या कितीतरी वर्षे आधी लागली होती. त्या स्विचमुळे १२४ जणांचा जीव गेल्याचे कंपनीच्याच भरपाई निधीने मान्य केले. दुरुस्त भागाची किंमत एका डॉलरहूनही कमी असल्याचे अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत पुढे आले. मे २०१४ मध्ये वाहतूक सुरक्षा खात्याने कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, तो दोष वेळेवर न कळवल्याबद्दल. अमेरिकेत दोष निश्चित झाल्यावर पाच कामकाजी दिवसांत तो सरकारला कळवावा लागतो, आणि किती गाड्या दुरुस्त झाल्या याचा तिमाही अहवाल द्यावा लागतो. या नियमांमुळे तिथल्या कंपन्यांनी रिकॉल करणे सोडलेले नाही.

ग्राहक न्यायालय आहे, हे शेवटचे उत्तर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात आणली. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे काशीगावच्या मालकाला ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. व्यवहार याहून लांबतो हे तिथे गेलेला प्रत्येक जण सांगतो. शिवाय दोन अडसर आहेत. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमीपत्रात दुरुस्तीचे किंवा भाग बदलण्याचे वचन असेल, तर गाडीच बदलून मागता येत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यातल्या एका खरेदीदाराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने विक्रेत्याच्या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरण्यास नकार दिला, कारण कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र धन्यांमधला होता. ‘पार्ट ऑर्डरवर आहे’ असे काउंटरवर ऐकून परतणाऱ्या मालकाला याचा अर्थ पुरता कळतो: विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. न्यायालय झालेल्या नुकसानीची भरपाई देते. होऊ घातलेले नुकसान टाळणे हे रिकॉलचे काम आहे, आणि ते न्यायालयावर ढकलता येत नाही.

तेव्हा मागण्या फार नाहीत, आणि त्या अवघडही नाहीत. रिकॉलच्या घोषणेत गाड्यांच्या आकड्याबरोबर काम पूर्ण होण्याची तारीख असावी. दर तिमाहीला किती गाड्या दुरुस्त झाल्या, हे जाहीर व्हावे. पर्यायी गाडी किंवा भाडे कंपनीने द्यावे. संदेश ‘वाहन’ प्रणालीतल्या सध्याच्या मालकाला जावा, आणि पीयूसी व विम्याच्या वेळी बाकी रिकॉल दिसावा. जाहीर केलेली तारीख चुकली तर त्या दिवसापासून दंड सुरू व्हावा.

तोवर मालकाने तीन गोष्टी कराव्यात. वर्षातून दोनदा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. विजेचा बिघाड कितीही क्षणिक असला तरी तारीख, किलोमीटर आणि नेमके काय झाले हे जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावे व प्रत मागावी. ‘तपासले, ठीक’ एवढ्यावर सही करू नये. आणि तीच तक्रार ‘वाहन’ प्रणालीवर व १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी, कारण कायदा नोंद झालेल्या तक्रारीच मोजतो. रिकॉल ही कंपनीची मेहेरबानी नाही. पैसे घेऊन अर्धवट सोडलेले ते काम आहे, आणि शेवटची गाडी दुरुस्त होईपर्यंत ते पुरे झाले असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.